पाणथळ, देवराई आणि दुर्बीण: पक्षी पाहणाऱ्यांचे प्रश्न

थंडी पडली की आमच्याकडे पाखरांची पत्रं सुरू होतात. या खेपेस बरेच प्रश्न नांदूरमध्यमेश्वरचे आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साठून तयार झालेली ही पाणथळ निफाड तालुक्यात आहे. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, महाराष्ट्रातून सर्वांत आधी, 2020 साली, तिचंच नाव लागलं. बाकीचे प्रश्न देवराईचे, गावतळ्याचे आणि अर्थात दुर्बिणीचे.

आठवीच्या चाळीस मुलांना एका सकाळी नांदूरमध्यमेश्वरला न्यायचं आहे. किती वाजता पोचावं, किती चालावं लागेल, आणि एवढ्या मुलांना पक्षी खरंच दिसतील का?
— शिक्षिका, सिन्नर

दिसतील, पण चाळीसांच्या घोळक्याला नाही. दहा-दहाच्या चार तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला एक गाईड घ्या. चापडगावला वन विभागाच्या केंद्रावर गावातलेच शिकलेले गाईड मिळतात. शाळेची सहल असल्याचं त्यांना आठवडाभर आधी कळवा आणि शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर इतकी गर्दी असते की मुलांना जिना चढण्यापलीकडे काही साधत नाही.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. बस साडेसहाला पोचली तर उत्तम. मात्र निफाडची थंडी ठाऊक आहेच; पाण्यावर धुकं असेल तर आठपर्यंत समोरचं काही दिसणार नाही. तो वेळ वाया घालवू नका. केंद्राच्या आवारात मुलांना दुर्बीण धरायला शिकवा. लांबची पाटी वाचायला लावा, मग तारेवरचा कोतवाल पक्षी शोधायला सांगा. नवशिक्या मुलाचं नेमकं काय चुकतं ते तिथेच दिसतं: पक्षी दिसला की ते खाली बघून दुर्बीण डोळ्यांना लावतं आणि मग आकाशभर शोधत बसतं. खरी रीत उलटी आहे. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवायची, मान हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. दहा मिनिटांच्या सरावात बहुतेकांना जमतं. दोन मुलांत एक दुर्बीण पुरते. त्याहून कमी असतील तर भांडणं होतात.

चालणं फार नको. दोन तासांत दीड किलोमीटर पुष्कळ झालं, कारण निम्मा वेळ थांबण्यातच गेला पाहिजे. गाईडकडे मोठी दुर्बीण, म्हणजे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर तो वीस-पंचवीस पटींवर ठेवायला सांगा. जास्त पटीला चित्र अंधारतं आणि धक्का लागला की पक्षी हरवतो. तिपाई मुलांच्या उंचीला उतरवून घ्या. आठवीतल्या पोराने टाचा उंचावल्या की हात आधाराला स्कोपवरच जातो. एका मुलाला वीस सेकंद दिली तर दहा जणांना साडेतीन मिनिटं लागतात, म्हणून आधी स्थिर बसणारे पक्षी दाखवायचे: राखी बगळा, चित्रबलाक, गवतात कोंब सोलणारी जांभळी पाणकोंबडी. तिचे लाल पाय आणि एका पायाने कोंब धरून खाण्याची तऱ्हा मुलं विसरत नाहीत.

यादी मोठी करू नका. सहा पक्षी, प्रत्येकाची फक्त चोच आणि पाय काढायचे, एवढं काम द्या. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच काढताना मूल आपणहून विचारतं की ही अशी का. मग दाखवा: थापटे गोल फिरतात, पुढच्याने ढवळलेल्या पाण्यात मागचा चोच घालतो आणि चोचीच्या कडेच्या कंगव्यातून गाळून घेतो.

धोक्याचं ठिकाण एकच, पण ते पक्कं लक्षात ठेवा. काठावरचा वाळलेला, भेगा पडलेला गाळ वरून टणक दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. मुलगा गुडघ्यापर्यंत रुतला की घाबरून दुसरा पाय टाकतो. बांध सोडून कोणीही खाली उतरायचं नाही, चेंडू गेला तरी नाही, आणि मुळात चेंडू आणायचाच नाही.

पांढरा शर्ट चालेल का?
— वाचक, लासलगाव

नको. मातकट, राखी, शेवाळी काहीही घाला, त्यासाठी लष्करी छापाचे कपडे विकत घ्यायची गरज नाही. रंगापेक्षा हात उंचावून बोट दाखवणं पक्ष्यांना जास्त उडवतं. आणि अत्तर लावू नका. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असलं तर उग्र वासाने माशा खवळू शकतात.

मागच्या डिसेंबरात चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहिलं तेव्हा बदकांनी पाणी काळं झालं होतं. यंदा जानेवारीत तिथेच गेलो तर थोडे वारकरी पक्षी आणि दोन बगळे. पक्षी कमी झाले का?
— वाचक, कोपरगाव

एका सकाळवरून ते ठरत नाही. आधी पाणी किती होतं ते विचारा, मग पक्षी.

पाणपक्षी जागा निवडतात ती पायांच्या आणि मानेच्या लांबीने. टिलवा या चिमुकल्या चिखलपक्ष्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी लागतं, त्याहून खोल झालं की तो निघाला. लांब पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात चरतो. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग ही बदकं बुडी मारत नाहीत. ती शेपूट वर करून मान खाली घालतात, म्हणजे तळ फूटभराच्या आत हवा. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी चालतं. आता तुमच्याच कोपरगावकडे येणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा याच बंधाऱ्यावरून निघतात. वरच्या धरणांतून पाण्याचं आवर्तन सुटलं की इथली पातळी हलते. पातळी वीतभर चढली तरी उथळ चर बुडतात आणि जिथे हजार बदकं चरत होती तिथे सकाळी नुसतं पाणी दिसतं. पक्षी गेलेले असतात, पण फार लांब नाही: मांजरगाव, कोठुरे, खानगाव थडी या बाजूंना जिथे उथळ काठ उरला असेल तिथे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाईडला फोन करून ‘आज पक्षी कुठे आहेत’ याबरोबर ‘पाणी चढतंय की उतरतंय’ हेही विचारावं. आमच्या मते उतरत्या पाण्याचे पहिले चार-पाच दिवस सर्वांत चांगले. नुकता उघडा पडलेला चिखल अळ्या-किड्यांनी भरलेला असतो आणि चिखलपक्ष्यांची तिथे झुंबड उडते.

दुसरं कारण पावसाचं. परतीचा पाऊस भरपूर झाला की तालुक्यातलं प्रत्येक पाझर तलाव, शेततळं, नाला भरलेला असतो आणि बदकं सगळीकडे वाटली जातात. कोरड्या वर्षी आजूबाजूचं पाणी आटतं आणि ती एका जागी गोळा होतात. तेव्हा एके ठिकाणी पाणी काळं दिसणं ही दर वेळी आनंदाची बातमी नसते.

तिसरं, वेळ. पुष्कळ बदकं रात्री चरतात आणि दिवसा मधोमध झोपतात. दहानंतर तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरू लागली की लांबचा झोपलेला थवा गाळाच्या पट्ट्यासारखा दिसतो आणि स्कोपमधूनही काही कळत नाही.

आणि दलदल भोवत्या. हा शिकारी पक्षी पंख किंचित वर उचलून पाणगवतावरून संथ घिरट्या घालत असतो. तो आला की वारकरी एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा करतात आणि बदकं एकदम उठतात. माणसामुळे उठलेला थवा आणि भोवत्यामुळे उठलेला थवा यात बहुतेकदा फरक दिसतो: भोवत्याने उठवलेली बदकं चक्कर मारून जवळपासच पुन्हा बसतात, माणसाने उठवलेली लांब जातात आणि तास-दोन तास परतत नाहीत. तुमच्या आधी एखादा छायाचित्रकार काठाने खाली उतरून गेला असेल तर तुमची सकाळ तिथेच संपली.

पक्षी खरोखर घटले का हे पाहायचं तर दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागांवरून मोजावं लागतं. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते ती याचसाठी. तिच्यात भाग घ्यायचा असेल तर थवा मोजायचा सराव करा. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं, मग तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचं. सुरुवातीला जवळपास सगळेच कमी मोजतात, कारण बसलेल्या थव्यात पुढच्या पक्ष्यांमागचे दिसत नाहीत. थवा उडाल्यावर पुन्हा एकदा मोजून ताडून पाहा. मात्र ताडण्यासाठी तो उडवायचा नाही.

दहा बाय पन्नासची दुर्बीण घेतली. सगळं हलतं, कधी दोन-दोन दिसतं आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. चष्मा आहे. दुर्बीण खराब निघाली का?
— वाचक, पुणे

कदाचित खराब नसेल, फक्त तुमच्यासाठी चुकीची असेल. पहिला आकडा पटीचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीत पक्षी दहापट मोठा होतो आणि हाताचा कंपही दहापट. शिवाय अशा दुर्बिणीचं वजन किलोच्या आसपास जातं. फिरत पक्षी पाहणाऱ्याला आठ बाय बेचाळीस पुरते. ती हलकी असते, तिच्यात जास्त रुंद परिसर दिसतो आणि उडता पक्षी सापडतो.

तरी आहे ती आधी नीट लावून पाहा. चष्मा घालून बघणार असाल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दुमडा किंवा फिरवून आत घाला. ते वर ठेवले तर भिंग डोळ्यापासून लांब राहतं आणि मधोमध एक लहानशी खिडकी दिसते. मग दोन्ही नळ्या उघडमीट करत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत आणा. आता उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने लांबची एखादी बारीक गोष्ट, समजा विजेच्या खांबावरची चिमणी, स्पष्ट करा. मग डावा मिटा, मधल्या चाकाला हात लावू नका आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच चिमणी स्पष्ट करा. ती कडी कुठे आली त्याची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. ही पायरी फार लोक करतच नाहीत. एका डोळ्याला धूसर आणि दुसऱ्याला स्पष्ट दिसत राहिलं की डोकं दुखणारच.

एवढं करूनही दोन-दोन दिसत असेल तर शंभर मीटरपलीकडची आडवी तार किंवा इमारतीची कड पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन वर्तुळांतली तार एका पातळीत न राहता वर-खाली दिसली तर आतले लोलक सरकले आहेत. ते घरी दुरुस्त होत नाही. वॉरंटीत असेल तर बदलून घ्या आणि स्वतः स्क्रू उघडू नका.

कंपाचा इलाज साधा आहे. उभ्याने बघताना कोपर छातीला टेकवा, बसलात तर गुडघ्यांवर. टोपी असेल तर दोन बोटांनी टोपीचा पुढचा काठ दुर्बिणीसकट धरा, चित्र लगेच शांत होतं. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश आणि शेवटी कापड. धुळीसकट पुसलं की ओरखडे कायमचे. पावसाळ्यात दुर्बीण कातडी पिशवीत बंद ठेवली तर बुरशी लागते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

आमच्या गावच्या देवराईत सकाळभर आवाज असतात, पण पाहुण्यांना घेऊन गेलं की एक पक्षी दिसत नाही. मान मात्र दुखते.
— वाचक, संगमेश्वर

तुम्ही बहुधा तळ्यावरची वेळ देवराईला लावता आहात. पाण्यावर उजेड आधी येतो, दाट झाडीत उशिरा. साडेसहाला आत शिरलात तर पानांच्या काळ्या कडाच दिसतात. आठ ते दहा ही देवराईची वेळ. शेंड्यांवर ऊन उतरतं, किडे हलू लागतात आणि त्यांच्या मागे पक्षी.

आत घुसून फिरण्यापेक्षा कडेला, जिथे राई संपून कातळ किंवा शेत सुरू होतं तिथे, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. नुसत्या डोळ्यांनी पाहा. वारा नसताना हललेलं पान पकडा आणि मगच दुर्बीण उचला. कोकणातल्या राईत छोटे पक्षी टोळीने फिरतात: निखार, सुभग, चष्मेवाला, नाचण, खोडावर उलटी उतरणारी शिलींध्री आणि त्यांच्या मागे कोतवाल किंवा भृंगराज, इतरांनी उठवलेले किडे आयते टिपायला. वीस मिनिटं सामसूम असते आणि मग पाच मिनिटांत डझनभर जाती डोक्यावरून जातात. पाहुणे त्या वीस मिनिटांत कंटाळून पुढे निघतात, खरं नुकसान ते. टोळी सापडली की तिच्या मागे धावू नका. ती कुठल्या दिशेला सरकते आहे ते पाहून पन्नास पावलं पुढे जाऊन थांबा.

याहून सोपा मार्ग म्हणजे फळाला आलेलं झाड. वड, उंबर, पिंपळ लाल झाला असेल तर दुसरीकडे कुठे जायचंच नाही. कुटुर्गा, हळद्या, कोकिळा, आपला राज्यपक्षी हरियल आणि नशीब असेल तर धनेश, सगळे तिथेच येतात. हरियल पानांत इतका मिसळतो की आधी खाली पडणारी फळं दिसतात, मग तो. झाडाच्या अगदी बुंध्याशी उभं राहिलात तर मान दुखणारच. तीस-चाळीस पावलं मागे सरकलात की तोच शेंडा डोळ्यांच्या पातळीजवळ येतो.

पक्षी कुठे बसलाय हे सांगताना ‘तो बघा, तो तिकडे’ म्हणू नका. झाडाला घड्याळ समजा. ‘आंबा, दोनच्या काट्यावर, वाळकी फांदी, खोडापासून हातभर आत’ असं सांगितलं की आठांपैकी सात जणांना सापडतो.

आवाज ओळखायला मर्लिन हे मोफत ॲप बरं आहे, पण त्याने सुचवलेलं नाव डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत घालू नका. भृंगराज आणि हरेवा दोघेही पट्टीचे नकलाकार. एकटा भृंगराज पाच पक्ष्यांची हजेरी लावून जातो.

स्पीकरवर आवाज वाजवला की पक्षी लगेच समोर येतो. गाईडने तसं केलं तर काय हरकत?
— वाचक, ठाणे

हरकत आहे. तो समोर येतो कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. विणीच्या काळात तो चारा आणणं, अंडी राखणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो, आणि त्याच वाटेने रोज तीन गट गेले तर रोज तीनदा. घरट्याजवळ जाऊन फांद्या बाजूला करणारा गाईड तर तिथल्या तिथे सोडा. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच मोडतं.

पांढरे बगळे चार प्रकारचे असतात म्हणे. आम्हाला सगळे सारखेच दिसतात.
— वाचक, सांगली

चोच आणि पाय पाहा. चोच काळी, पाय काळे पण पंजे पिवळेधमक, म्हणजे छोटा बगळा. उडताना ते पिवळे पंजे लांबून दिसतात. चोच पिवळी, मान आखूड आणि गुरांच्या पायांशी घुटमळणारा तो गाय बगळा. उन्हाळ्यात विणीच्या वेळी त्याचं डोकं-मान नारिंगी होते. उरले मोठा आणि मध्यम. दोघांचीही चोच थंडीत पिवळी असते. तिथे तोंडाची चीर पाहा: ती डोळ्याच्या मागेपर्यंत गेली असेल तर मोठा, डोळ्याखालीच थांबली असेल तर मध्यम. विणीच्या काळात मोठ्याची चोच काळी होते आणि मग छोट्याशी गल्लत होते. तेव्हा पंजे पाहा, मोठ्याचे काळेच असतात.

आमच्या पाझर तलावावर आणि शेजारच्या बाभूळबनात आम्हा चार मित्रांना पाहुण्यांसाठी फेरी सुरू करायची आहे. भिगवण-कुंभारगावसारख्या होड्या नाहीत, रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही येत नाहीत. चालेल का?
— वाचक, खटाव तालुका

होडी नाही हे बरंच आहे. गावतळ्याच्या आकाराच्या पाण्यात एक होडी फिरली की सगळं रिकामं.

पैसे घेण्याआधी एक अख्खा हंगाम, ऑक्टोबर ते मार्च, आठवड्यातून एकदा तुम्हीच ती वाट चाला. तीच वेळ, तेच थांबे. प्रत्येक फेरीची पूर्ण यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, अगदी कावळा-साळुंकीसकट. दोन किलोमीटरची वाट, पाच-सहा थांबे, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, एवढा आवाका ठेवा. सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठाने सुरुवात करा म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेच्या काठावरून तीच बदकं नुसत्या काळ्या बाहुल्या दिसतात. नऊनंतर बाभूळबनात शिरा. तिथे वेडा राघू, खाटीक, सुतार, ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला पिंगळा हे हमखास आहेत.

तळं कोणत्या खात्याचं, मासेमारीचा ठेका कोणाकडे, वाट कोणाच्या बांधावरून जाते, हे आधी पाहा आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवा. जाळी उपसायचे दिवस मच्छीमारांकडून समजून घ्या, त्या सकाळी बदकं नसतात. कांद्याच्या वाफ्यातून एकदा पाहुणे गेले की दुसऱ्या वेळी वाट बंद होते. गावची कुत्री तुमच्या मागे येणारच, तेव्हा एकाने मागे राहून त्यांना थोपवायचं.

पैसे माणशी न घेता गटाचे घ्या आणि गट बाराच्या वर जाऊ देऊ नका. माणशी घेतले की तेराव्याला नाही म्हणवत नाही. आणि जाहिरातीत रोहित टाकू नका. जे येतं ते लिहा. पुण्याहून आलेल्या माणसाला कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालताना दिसला तरी तो खूश असतो, फसवल्यासारखं वाटलं मात्र की तो परत येत नाही.

पावसाळ्यातही फेरी सुरू ठेवा. तेव्हा बदकं नसतात, पण पाण्यावर झुकलेल्या बाभळींवर सुगरणींची वसाहत असते. नर घरटं अर्धं, टोपराच्या आकाराचं विणून पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तरच खालची नळी पुरी होते. वीस-पंचवीस मीटरवर थांबून अर्धा तास पाहिलं तर मादी येऊन दोन टोपरी नाकारून जाताना हमखास दिसते. पाहुण्यांना छत्री उघडू देऊ नका, रेनकोट घालायला सांगा.